रीवाइंडरवर उभ्या असलेल्यांचे प्रश्न

गेल्या अंकात आपण लिहिलं होतं की ज्यांचं काम काहीतरी गुंडाळण्याचं आहे, म्हणजे फिल्म असो, फॉइल असो, तांब्याची तार असो नाहीतर ट्रॉलरवरची वायर असो, त्यांनी आपले प्रश्न पाठवावेत. अपेक्षेपेक्षा बरेच आले आणि सगळ्यात जास्त गोव्यातल्या वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतून. नावं छापत नाही, कारण बऱ्याच जणांनी पत्राच्या शेवटी लिहिलंय की पात्रांवाला (मालकाला) कळता कामा नये. काही पत्रं थोडी छाटलीत, अर्थ तोच ठेवलाय.

सर, मी वेर्ण्याला पॅकेजिंगच्या कंपनीत स्लिटर-रीवाइंडरवर, म्हणजे मोठा रोल कापून लहान रोल गुंडाळणाऱ्या मशीनवर आहे. औषधांच्या ब्लिस्टरचं फॉइल आणि पीव्हीसी दोन्ही चालवतो. फॉइलचा रोल मशीनवर एकदम छान दिसतो, पण काढून पॅलेटवर ठेवला की मधला भाग बाहेर सरकतो, कधी तर दुसऱ्या दिवशी सकाळी सरकलेला दिसतो. सुपरवायझर एकच सांगतो, टेन्शन वाढव. वाढवलं की फॉइल तुटतं. काय करू?

सुपरवायझरचं अर्धं बरोबर आहे. टेन्शन, म्हणजे गुंडाळताना दिलेला ताण, कुठे वाढवायचं हे त्याने सांगितलं नाही एवढंच. चांगला रोल आतून घट्ट आणि बाहेर जाता जाता थोडा थोडा सैल होत गेलेला असतो. बाहेरचे थर आतल्यापेक्षा जास्त आवळले गेले तर ते आतल्या थरांना दाबतात, आतले थर चुरगळतात, ढिले पडतात आणि मग रोल उचलला की मधला गाभा सरकतो. म्हणजे सुरुवातीला कोरजवळ (ज्या नळीवर रोल गुंडाळतो तिच्याजवळ) टेन्शन पुरेसं पाहिजे आणि डायमीटर वाढेल तसं ते हळूहळू उतरलं पाहिजे, यालाच टेपर म्हणतात, तुमच्या पॅनलवर टेपर टक्के असं काहीतरी सेटिंग असणार ते शोधा. शून्यावर असेल तर आधी तिथेच हात घाला.

आता हे का होतं ते एकदा आकड्यात बघा म्हणजे डोक्यात पक्कं बसेल. ३ इंची कोरचा बाहेरचा व्यास साधारण ९२ मिलिमीटर धरा. लाइन स्पीड २०० मीटर मिनिटाला असेल तर सुरुवातीला शाफ्ट जवळजवळ ६९० आरपीएमने फिरतो आणि रोल ६०० मिलिमीटर झाला की तोच शाफ्ट फक्त १०६ आरपीएमवर येतो. टेन्शन म्हणजे टॉर्क (शाफ्ट फिरवणारा जोर) भागिले त्रिज्या. टॉर्क तेवढाच ठेवून रोल ९२ वरून ३०० पर्यंत नेलात तर टेन्शन एक तृतीयांशाच्याही खाली येतं, बाहेरचा रोल लुळा. आणि ड्राइव्हने टॉर्क डायमीटरच्या प्रमाणात वाढवत टेन्शन शेवटपर्यंत एकसारखं धरलं तर बाहेरचे थर आतल्यांना आवळतात. तुम्हाला या दोन्हींच्या मधलं पाहिजे.

आणि इथेच एक गंमत होते जी खूप ठिकाणी कुणाच्या लक्षात येत नाही. बऱ्याच मशीनवर डायमीटर मोजायला सेन्सर नसतो, पीएलसी (मशीनचा कंट्रोलर) स्वतः हिशेब करतं, एक तर लाइन स्पीड आणि आरपीएम वरून, नाहीतर मटेरियलची जाडी आणि फेरे यांच्यावरून. तुम्ही सकाळी २५० मायक्रॉनचं पीव्हीसी चालवलं आणि दुपारी २५ मायक्रॉनचं फॉइल लावलं पण जाडीचा आकडा बदलला नाही, किंवा नवा कोर घातल्यावर डायमीटर रिसेटचं बटण दाबलं नाही, तर मशीनला वाटतं रोल केव्हाच मोठा झालाय आणि ते आपल्या मनाने टॉर्क देत सुटतं. टेन्शनच्या नावाने तुम्ही बोंबलताय आणि चूक रेसिपीच्या, म्हणजे जॉबच्या सेटिंगच्या, एका आकड्यात. जॉब बदलला की जाडी, कोरचा व्यास, रिसेट, हे तीन आधी बघायचे, मग बाकीचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरकलेला दिसतो असं लिहिलंय ते फार महत्त्वाचं आहे. तो हवेचा प्रताप असणार. स्पीड वाढला की दोन थरांच्या मध्ये हवा अडकते, रोल मशीनवर टणक लागतो पण तो टणकपणा हवेचा असतो, रात्रभरात हवा कडेने निघून जाते आणि रोल ढिला. यावर टेन्शन हा उपाय नाही, ले-ऑन रोलरचा दाब हा उपाय आहे, तो रोलवर टेकून फिरणारा रोलर मुळात हवा पिळून काढायलाच असतो. त्याचं प्रेशर दोन्ही बाजूंना सारखं आहे का, रबर कुठे झिजलंय का, बघा. शिवाय एअर शाफ्टमध्ये, म्हणजे हवेने फुगून कोर धरणाऱ्या शाफ्टमध्ये, हवा पूर्ण भरलेली पाहिजे, साधारण ६ बार लागते, वॉल्व्ह गळत असेल तर कोर शाफ्टवर घसरतो आणि तुम्ही पॅनलवर काहीही सेट केलं तरी कोरजवळचे थर ढिलेच राहतात.

नेमकं कुठे सरकतंय हे ओळखायला एक फुकटची टेस्ट आहे. रोल थोडा भरला की मशीन पूर्ण थांबवा, मार्करने रोलच्या बाजूवर कोरपासून बाहेरपर्यंत एक सरळ रेघ मारा, परत चालू करा. रोल पूर्ण झाल्यावर थांबवून बघा. रेघ सरळ राहिली तर थर जागेवर आहेत. रेघ इंग्रजी जे सारखी वाकली तर ज्या उंचीवर वाकली तिथले थर एकमेकांवर घसरलेत. फोटो काढून ठेवा, सुपरवायझरशी वाद घालण्यापेक्षा तो फोटो दाखवलेला बरा.

फिल्म साधारण किती ताणायची विचाराल तर मटेरियल कायमचं ताणलं जायला जेवढा जोर लागतो त्याच्या १० ते २५ टक्क्यांपासून सुरुवात करतात, तो आकडा सप्लायरच्या डेटाशीटवर असतो. स्टोअरमध्ये मागा, फायलीत पडलेली असते.

हातमोजे घालायचे की नाही? सेफ्टीवाला घाला म्हणतो, जुने ऑपरेटर नको म्हणतात. – कुंडई

दोघंही बरोबर. फिरत्या रोलजवळ हातमोजा अजिबात नको, रबर नको, कापडी नको, कारण मोजा आधी अडकतो आणि मागून हात जातो. मशीन बंद करून ब्लेड बदलताना मात्र कट-रेझिस्टंट मोजा पाहिजेच, आणि जुनी ब्लेडं कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका, झाकणाचा डबा ठेवा, झाडूवालीच्या हातावर ती पट्टी येते.

काका, आमच्याकडे रीवाइंडच्या गार्डचा सेन्सर आहे त्याला मेंटेनन्सवाल्याने चुंबक चिकटवून ठेवलंय, म्हणजे गार्ड उघडा असला तरी मशीन चालतं. सुरकुती आली की आम्ही हाताने पुसून काढतो, रोलच्या वरनं तळवा फिरवायचा, सगळे तसंच करतात. स्पीड कमी करूनच करतो. हे खरंच एवढं धोक्याचं आहे का, की उगाच घाबरवतात? – कुंडई

उगाच घाबरवत नाहीत. हिशेब करू या. २०० मीटर मिनिटाला म्हणजे सेकंदाला सव्वातीन मीटरच्या वर. काहीतरी चुकलं हे डोक्याला कळून हात मागे ओढायला माणसाला पाव ते अर्धा सेकंद लागतो. तेवढ्यात पाऊण ते दीड मीटर मटेरियल रोलवर गेलेलं असतं. तुम्ही म्हणता स्पीड कमी करतो, बरं, २० मीटर धरा. तरी सेकंदाला ३३ सेंटीमीटर झाले. पाव सेकंदात आठ, अर्ध्या सेकंदात सोळा. आठ सेंटीमीटर म्हणजे बोटं आणि सोळा म्हणजे मनगट. दहापट हळू केलं तरी मनगट जातंच, म्हणून "हळू करून करतो" हा काही उपाय नव्हे. शिवाय इमर्जन्सी स्टॉप दाबल्यावर भरलेला रोल लगेच थांबत नाही. पीव्हीसीचा ६०० मिलिमीटरचा, २५० मिलिमीटर रुंद रोल जवळपास ९५ किलो भरतो, त्याच्यात फिरण्याचा जोर साठलेला असतो, ब्रेक धरेपर्यंत तो फिरणारच.

रोल आणि ले-ऑन रोलर जिथे एकमेकांना भेटतात त्याची एक बाजू आत ओढणारी असते आणि दुसरी बाहेर टाकणारी. हात ओढला जातो तो आत ओढणाऱ्या बाजूला. गंमत अशी की सुरकुती दिसते पण तिथेच, म्हणजे जिथे हात घालू नये बरोबर तिथेच हात घालावासा वाटतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे हात पुसून सुरकुती जात नाही, ती दहा मीटर पुढे परत येते, कारण ती रोलवर तयार होत नाही, अगोदरच्या कुठल्यातरी रोलरवर तयार होऊन तुमच्यापर्यंत आलेली असते.

सुरकुती तिरकी असेल, एका कडेकडून दुसरीकडे जाणारी, तर अगोदरचा एखादा रोलर समांतर नाही. मशीन बंद करून, लॉक लावून, लेव्हल आणि टेप घेऊन रोलर टू रोलर अंतर दोन्ही टोकांना मोजा, कुठे फरक सापडतो बघा. सुरकुती सरळ लांबीत असेल तर टेन्शन जास्त आहे, नाहीतर पसरवणारा बो रोलर चुकीच्या दिशेला फिरवून ठेवलाय. एकाच जागी परत परत पट्टी येत असेल तर मूळ रोलची जाडीच तिथे कमी-जास्त आहे, ते तुम्हाला मशीनवर दुरुस्त होणार नाही, सप्लायरकडे तक्रार टाका. ही तीन कारणं वहीत लिहून ठेवा, हात घालायची वेळच येत नाही.

राहिलं चुंबक. तो मेंटेनन्सवाला वाईट माणूस नाही, बहुतेक वेळा गार्डचा सेन्सर उगाच ट्रिप होत असतो, प्रॉडक्शन बोंबलत असतं, आणि तो वैतागून चुंबक लावून मोकळा होतो. म्हणून नुसतं "काढा" सांगून उपयोग नाही, ट्रिप का होतंय ते विचारा, गार्डचं बिजागर सैल झालेलं असतं, पत्रा हलतो, अंतर वाढतं, इतकंच असतं. साध्या मॅग्नेटिक स्विचला कुठल्याही चुंबकाने फसवता येतं, कोडेड स्विच मिळतात ते फक्त आपल्या जोडीदाराला ओळखतात, किंमत थोडी जास्त पण चुंबकाचा खेळ संपतो. थ्रेडिंग करायला, म्हणजे मटेरियल रोलरांमधून ओवायला, गार्ड उघडावाच लागतो हे मान्य, त्याच्यासाठी जॉगचं बटण असं पाहिजे की बोट उचललं की मशीन थांबलं, आणि बटण दाबणारा आणि वेब (मटेरियलची पट्टी) भरणारा एकच माणूस पाहिजे. एकाने आत हात घालायचा आणि दुसऱ्याने लांबून बटण दाबायचं, हे बंद करा. आजच.

तोंडी सांगून ऐकत नसतील तर शिफ्टच्या रजिस्टरमध्ये तारीख घालून लिहा. लिहिलेल्या ओळीला मॅनेजर घाबरतात. त्यानेही झालं नाही तर पणजीला आल्तिनोवर कारखाने आणि बाष्पक निरीक्षकांचं ऑफिस आहे.

दादा, मी रीवाइंडिंग सेक्शनला पॅकिंगमध्ये होते, आता मशीनवर घेणार म्हणतात. ओढणी नको ते कळतं, पण मंगळसूत्र पण काढायला सांगतात, घरी सासू ऐकत नाही. – मडकई

ताई, काढा. किंवा दोऱ्यात गळ्यालगत घट्ट बांधून वरून बंद गळ्याचा टी-शर्ट घाला, पण काढलेलं उत्तम. सासूबाईंना सांगा की कंपनीतल्या पुरुषांना पण गोफ, कडं, चवथीला हातात बांधलेला दोरा, सगळं काढावं लागतं, हे बायकांसाठी वेगळं नाही. केस जाळीत, बाह्या कोपराच्या वर, आयडी कार्डाची दोरी गळ्यात नको, ती लोक हमखास विसरतात. आणि अंगाला घट्ट बसणारे कपडे तुम्ही विकत घ्यायचे नसतात. चालू मशीनला तेलपाणी करणाऱ्याला असे कपडे मालकाने द्यावेत हे १९४८ च्या फॅक्टरी अॅक्टच्या कलम २२ मध्येच लिहिलेलं होतं, आता त्या कायद्याची जागा नव्या लेबर कोडने घेतली तरी मागायला लाजू नका.

पीव्हीसी चालवताना झटका बसतो, जानेवारीत आणि एसी फुल असताना जास्त. इलेक्ट्रिशियन म्हणतो करंट नाही, लीकेज चेक केलं. मग काय आहे? – मडकई

स्टॅटिक आहे. फिल्म रोलरवरून सुटते तेव्हा चार्ज घेऊन सुटते, हवा कोरडी असली की तो चार्ज कुठे जात नाही, आणि तुम्ही जवळ गेलात की तुमच्यातून जातो. पावसात आपल्याकडे हवा इतकी ओली की तेव्हा फारसं जाणवत नाही. झटक्याने माणूस मरत नाही पण दचकून हात उडतो आणि उडतो तो नेमका रोलरकडे, धोका तिथे आहे. आणि जवळपास सॉल्व्हंट, शाईचे उघडे डबे असतील तर ठिणगीने आगच लागेल.

मशीनवर स्टॅटिक बार (चार्ज घालवणारी सुयांची पट्टी) असेल, नक्की असेल, त्याच्या सुया बघितल्यात का कधी? धुळीचा थर चढलेला असतो. मशीन बंद करून, बारचं पॉवर काढून, मऊ ब्रशने साफ करा, दर आठवड्याला. बार रोलरच्या डोक्यावर न बसवता वेब मोकळा असतो तिथे, रीवाइंडच्या अगदी अगोदर पाहिजे, नाहीतर तिथून पुढे परत चार्ज तयार होतो. आणि मशीनचं अर्थिंग वर्षातून एकदा मोजून घ्या. इलेक्ट्रिशियनने लीकेज बघितलं, ते वेगळं.

मॅनेजरला आउटपुट पाहिजे. आम्ही पीव्हीसी १५० मीटरने चालवतो, म्हणतो २०० करा. एक रोल ११०० मीटरचा, आणि रोल बदलायला आम्हाला ९ मिनिटं लागतात. २०० केलं तर रोल सरकतात. त्याला कसं समजवू? – वेर्णा

कागद घ्या आणि त्याच्यासमोर मांडा. १५० ने ११०० मीटर म्हणजे ७ मिनिटं २० सेकंद, अधिक बदलायची ९, एकूण सव्वासोळा मिनिटांच्या जरा वर. २०० केलं तर साडेपाच अधिक नऊ, साडेचौदा मिनिटं. म्हणजे वाचली दोनही नाहीत, आणि त्यातले रोल सरकून रिजेक्ट झाले तर उलट तोटा. आता स्पीड १५० च ठेवा पण रोल बदलायचा वेळ ९ वरून ५ वर आणा, एकूण सव्वाबारा झाली. चार मिनिटं वाचली, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा, आणि स्पीडला हात न लावता. मॅनेजरला हा कागद आवडेल, बघाच.

नऊची पाच कशी होतात? धावपळ करून नाही, तयारीने. नऊ मिनिटांत खरं काम थोडंच असतं, बाकी शोधाशोध. कोर कापलेले नसतात, टेपचा रोल कुणीतरी नेलेला असतो, स्टिकर छापायचा असतो, ट्रॉली दुसऱ्या मशीनवर असते. दुसरा एअर शाफ्ट ठेवा, पहिला रोल चालू असतानाच दुसऱ्यावर कोर लावून, मापाने सरकवून, तयार. टेपचे तुकडे कापून काठीला चिकटवून ठेवा. ९५ किलोचा रोल दोघांनी मिळून उचलायचा प्रकार चाललेला असेल तर तो बंद, शाफ्टच्या उंचीची ट्रॉली किंवा हॉइस्ट घ्या, कंबर गेली की महिना गेला. एअर शाफ्टमध्ये हवा भरताना बोटं कोरच्या आत नको, पट्ट्या बाहेर येतात त्या जोरात येतात. आणि शाफ्ट परत बसवल्यावर सेफ्टी चक (शाफ्टचं टोक धरणारा) पूर्ण बंद झालाय हे डोळ्यांनी बघायचं, क्लिक ऐकू आलं म्हणून सोडायचं नाही. चक झिजलेला असेल तर चालू स्पीडला शाफ्ट उसळून बाहेर येतो. हे एकच काम असं आहे जिथे घाई केली तर मी कुणाला शाबासकी देणार नाही.

पाऊस लागला की आमच्या अनवाइंडचा (मूळ रोल उलगडतो तिथला) पावडर ब्रेक झटके मारतो, टेन्शन वरखाली. ऑक्टोबरनंतर आपोआप नीट होतो. – बेतोडा

आत लोखंडाची बारीक भुकटी असते, दमट हवेत ती ओल धरते, गोळे होतात, मग ब्रेक गुळगुळीत न धरता अडकत अडकत धरतो. शनिवार-रविवार बंद राहून सोमवारी सकाळी जास्त त्रास होत असेल तर खात्रीच. सोमवारी थेट प्रॉडक्शन लावू नका, थोडा वेळ कमी करंटवर फिरवून भुकटी मोकळी होऊ द्या. तरी नाही सुधारला तर भुकटी बदलायची वेळ झाली. ब्रेक खूप तापत असेल तर तो त्याच्या क्षमतेच्या बाहेर चाललाय, मोठा घ्या किंवा थंड करायची सोय करा. कागदी कोर मात्र जमिनीवर ठेवू नका, पावसात फुगतात, शाफ्टवर चढत नाहीत आणि चढले तर लंबगोल फिरतात. फळीवर, प्लास्टिकमध्ये गुंडाळून.

भाऊ, म्हापशाला माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. हॉटेलांचे पंप, बोअरच्या मोटारी. हाताने फर्म्यावर वाइंडिंग करायचो, आता पेडलचं मशीन घेतलं. काम फास्ट झालं पण मोटारी वर्षभरात परत जळून येतात, आधी असं नव्हतं. मशीनचा दोष का?

मशीनचा नाही, मशीनवर तार किती ओढली जातेय त्याचा असू शकतो. हाताने करताना हाताला कळतं, मशीनला नाही. तार जास्त ताणली गेली की बारीक होते, रेझिस्टन्स वाढतो, आणि वरच्या इनॅमलला केसासारख्या चिरा पडतात ज्या डोळ्यांना दिसत नाहीत. मायक्रोमीटरने स्पूलवरची तार मोजा आणि कॉइलमधली मोजा, फरक दिसला तर टेन्शनरचा स्प्रिंग ढिला करा. तिन्ही फेजचा रेझिस्टन्स मोजून एकमेकांच्या जवळ असला पाहिजे, एक-दोन टक्क्यांत.

पण त्याआधी एक सांगा, जुनं वाइंडिंग काढायला तुम्ही स्टेटर (मोटरचा न फिरणारा भाग) कसा जाळता? मागच्या अंगणात लाकडं टाकून आगीत ठेवत असाल तर खरा चोर तिथे आहे. स्टेटरच्या लोखंडी कोरचं तापमान ३७० डिग्रीच्या वर गेलं की स्टॅम्पिंगच्या पत्र्यांमधलं इन्सुलेशन जळतं, मग पत्रे आपसात शॉर्ट होतात आणि मोटर लोड नसताना पण तापते. तुम्ही कितीही सुंदर वाइंडिंग घाला, ती परत येणार. तापमान दाखवणारी भट्टी घ्या, नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून जाळून आणा. आणि तो धूर श्वासात घेऊ नका, शेजाऱ्यांना पण देऊ नका.

परत आलेली मोटर उघडलीत की फोटो काढा. स्टार कनेक्शनमध्ये दोन फेज काळे आणि एक नवाकोरा, किंवा डेल्टामध्ये एकच काळा, म्हणजे एक फेज गेली होती आणि मोटर दोनवर चालली. तुमची चूक नाही, हॉटेलवाल्याला सिंगल फेज प्रिव्हेंटर लावायला सांगा आणि फोटो दाखवून पैसे मागा. व्होल्टेज तिन्ही फेजला सारखं नसेल तरी हाल होतात, साडेतीन टक्के फरकाला तापमानाची वाढ पाव हिश्शाने जास्त होते. मोटर देण्याआधी मेगर मारा, म्हणजे इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजा, ४१५ व्होल्टच्या मोटारीला ५ मेगाओहम ही अगदी तळाची रेषा, नवीन वाइंडिंगला त्याच्या कितीतरी पट यायला हवा, आणि पावसात वार्निशनंतर भट्टीत नीट वाळवल्याशिवाय येत नाही.

पेडलवर पत्र्याचं झाकण लावा, पाय चुकून पडला की फर्मा फिरतो. तार बोटांत धरून दिशा देऊ नका, फेल्टच्या पॅडमधून द्या, बारीक तार ब्लेडसारखी कापते. चष्मा घाला, तुटलेलं टोक डोळ्याच्या उंचीवरच उडतं.

पात्रांव, हा प्रश्न कारखान्यातला नाही पण गुंडाळायचाच आहे. मालीमला आमचा ट्रॉलर आहे. यंदा विंचवर नवीन वायर घालणार. जुनी वायर ड्रमवर नीट बसायची नाही, लोड आला की वरचा वेढा खालच्यात रुतायचा. काय काळजी घेऊ?

प्रश्न बरोबर जागी आलाय. वरचा वेढा खालच्यात रुततो कारण खालचे वेढे ढिले आहेत, पहिल्या प्रश्नातल्या फॉइलसारखंच दुखणं, आतला भाग कमजोर. नवीन वायर घालताना लोक जेट्टीवर रील ठेवून नुसती ड्रमवर ओढून घेतात, त्यामुळे तळाचे थर सैल बसतात. रीलला लाकडाचा ब्रेक देऊन, वायर ताणत, पहिला थर एकाला एक खेटून बसवायचा, घाई करायची नाही. रील आडवी पाडून वायर सोडू नका, पीळ पडतो आणि तो पीळ मग कायमचा, रील स्टँडवर उभी फिरली पाहिजे. आणि रीलच्या वरून सुटणारी वायर ड्रमच्या वरून घ्यायची, खालून सुटणारी खालून, उलटसुलट केलं की तिला मोड पडतो.

किती वायर सोडायची याला मर्यादा घाला, ड्रमवर किमान ३ वेढे कायम राहिले पाहिजेत, पूर्ण लोड वायरचं टोक धरणाऱ्या क्लॅम्पवर येता कामा नये. शेवटच्या वेढ्यांच्या आधी रंग मारून ठेवा, तांडेलाला लांबून दिसतो. जाडी मोजताना कॅलिपर पदराच्या उंचवट्यांवर ठेवायचा, खाचेत नाही, आणि १२ मिलिमीटरची वायर १०.८ वर आली तर ती उतरवायची, वरून कितीही चकचकीत दिसो. तुटलेल्या तारा एकाच ठिकाणी जमल्या असतील तर जाडीची वाट बघू नका.

वायर ड्रमवर एका बाजूला गोळा होते तेव्हा खलाशी पायाने ढकलतात, हे सगळ्या जेट्ट्यांवर बघायला मिळतं आणि ते थांबवायला पाहिजे. लांब दांड्याचा लोखंडी गाइड बनवून घ्या, म्हापशाचा कुठलाही फॅब्रिकेटर करून देईल. विंच चालवणाऱ्याला ड्रम आणि माणसं दोन्ही दिसली पाहिजेत, इंजिनाच्या आवाजात ओरडून ऐकू येत नाही, म्हणून हाताच्या खुणा आधी ठरवा. वायर ताणलेली असताना तिच्या रेषेत किंवा वळणाच्या आतल्या बाजूला कुणी उभं राहायचं नाही, तुटली तर ती तिथेच येते.

१ जून ते ३१ जुलै बंदी आहे तोवर हे सगळं जेट्टीवर करून घ्या. जुन्या ग्रीसवर नवीन ग्रीस थापू नका, आधी खरवडून काढा, खालचा गंज दिसू दे. ब्रेकचा पट्टा आणि क्लचची पिन त्याच दिवशी उघडून बघा, कारण ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मालीमला मेकॅनिक कुणाला मिळत नाही.